हॉकीच्या जागतिक क्रमवारीचा जमाखर्च



कापडाचा पिढीजात व्यवसाय सांभाळणाऱ्या एका वाचकांनी या स्तंभासाठी दोन प्रश्न पाठविले आहेत. पहिला असा : राजगीर येथील आशिया चषकात भारतीय संघाने कझाकस्तानवर १५-० असा विजय मिळविला, त्या पंधरा गोलांचे जागतिक क्रमवारीत काय झाले? दुसरा : त्याच्या दोन-अडीच महिने आधी युरोपात ओळीने सात सामने हरलेला हाच संघ पहिल्या दहांत कसा टिकला? शेवटी त्यांनी एक वाक्य जोडले आहे, "दुकानात असा हिशेब कोणी दाखवला तर मी त्याला उभा करणार नाही."

माझे म्हणणे नेमके उलट आहे. हा हिशेब दुकानातल्या हिशेबासारखाच आहे. ज्याने आयुष्यात एकदा तरी जमा-नावेची वही लिहिली आहे, त्याला तो क्रीडाशौकिनापेक्षा लवकर कळेल.

आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाने ही वही उघडली ती २००३ साली. त्याआधी संघांची प्रतिष्ठा होती, पदके होती, पण क्रमांक नव्हता. तेव्हा खडकीच्या धनराज पिल्ले यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द अखेरच्या टप्प्यात आली होती. भारताची १९२८ ते १९८० या काळातील आठ ऑलिंपिक सुवर्णपदके आणि १९७५ चा क्वालालंपूरचा विश्वचषक या वहीत कधीच जमा झाले नाहीत. आपल्याकडे जुन्या पेढीच्या नावावर नव्या पिढीला काही काळ उधार मिळते. या वहीत तशी सोय नाही. ज्यांना भारताचा आरंभीचा क्रमांक पाहून वाईट वाटले, त्यांनी जुनी पुण्याई नव्या खात्याची आरंभीची शिल्लक समजली होती.

सुरुवातीची पद्धत अशी होती की मोठ्या स्पर्धेत संघ कितव्या स्थानावर राहिला यावरून त्याला गुण मिळत. ऑलिंपिक, विश्वचषक, खंडीय अजिंक्यपद अशा स्पर्धांचे गुण चार वर्षे धरले जात आणि जुन्या निकालाचे वजन वर्षागणिक घटत जाई. यंत्रावर आपण घसारा धरतो, तसाच हा पदकावरचा घसारा. कल्पना वाईट नव्हती. अडचण दोन ठिकाणी होती. एक, स्पर्धेतील अंतिम स्थान तेवढे मोजले जाई. वाटेत कोणाला हरवले याला किंमत नव्हती, आणि दोन देशांनी आपसांत खेळलेली मालिका तर हिशेबातच येत नसे. दुसरी अडचण खंडांची. युरोपात नेदरलँड्स, जर्मनी, बेल्जियम, इंग्लंड, स्पेन असे संघ एकाच अजिंक्यपदासाठी झगडतात. ओशनियात ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या दोघांतच खरी लढत. या दोन विजेतेपदांना कोणत्या तागडीने तोलावे? कितीही गुण ठरवले तरी एका बाजूला अन्याय वाटणारच होता.

म्हणून १ जानेवारी २०२० पासून नवी पद्धत आली. तिचे मूळ सूत्र एका वाक्यात सांगता येते : प्रत्येक मान्यताप्राप्त सामन्यात दोन संघांमध्ये गुणांची देवघेव होते, आणि एकाच्या खात्यात जेवढे जमा होतात तेवढेच दुसऱ्याच्या खात्यात नावे पडतात. एक पैसाही बाहेरून येत नाही, एक पैसाही हवेत विरत नाही. रोजमेळ दोन्ही बाजूंनी जुळलाच पाहिजे.

किती गुण हलायचे, हे तीन गोष्टींवर ठरते. सामना किती महत्त्वाचा, म्हणजे ऑलिंपिकचा की साध्या कसोटी मालिकेतला. सामन्यापूर्वी दोन संघांत किती अंतर होते. आणि निकाल काय लागला. निकालाचे प्रकार मोजकेच आहेत : विजय, पराभव, बरोबरी, आणि बरोबरीनंतर शूटआउटमधील विजय किंवा पराभव. या यादीत एक गोष्ट नाही, आणि तीच आपल्या पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. गोलफरक नाही. १५-० आणि १-० या दोहोंची नोंद एकाच शब्दाने होते, विजय.

उरलेले अर्धे उत्तर 'अंतर' या शब्दात आहे. या कल्पनेचे जनक आर्पाद एलो हे हंगेरीत जन्मलेले, अमेरिकेत स्थायिक झालेले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक व बुद्धिबळपटू होते. अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेने त्यांची पद्धत १९६० मध्ये आणि जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९७० मध्ये स्वीकारली. पुढे फुटबॉलनेही तीच वाट धरली. एलो यांचे म्हणणे साधे होते : बलवान जिंकणार हे सर्वांना आधीच ठाऊक असते, मग त्याच्या जिंकण्यात बातमी ती काय? गुण हलावेत ते अपेक्षेपेक्षा वेगळे घडले म्हणून, आणि जेवढे वेगळे घडले तेवढेच.

बुद्धिबळातील आकडे घेऊन पाहू. हॉकीचे गुणक वेगळे आहेत, पण घडण हीच. दोन खेळाडूंत ४०० गुणांचे अंतर असेल तर एलो यांच्या सूत्रानुसार वरच्या खेळाडूकडून सरासरी ०.९१ गुणांची अपेक्षा असते. विजय म्हणजे १, बरोबरी म्हणजे अर्धा. गुणक २० धरला तर वरचा खेळाडू जिंकल्यावर त्याच्या खात्यात १.८ गुण जमा होतात. तो हरला तर १८.२ जातात. नुसती बरोबरी झाली तरी ८.२ जातात. म्हणजे अशा एका पराभवाची भरपाई करायला त्याला तेवढ्याच कमकुवत प्रतिस्पर्ध्यांवर दहा विजय मिळवावे लागतील. व्यापाऱ्याच्या भाषेत, नफा टक्का-दीड टक्क्याचा आणि जोखीम मात्र सगळ्या भांडवलाची.

आता राजगीरकडे पाहा. सप्टेंबर २०२५ मधील त्या स्पर्धेत भारताने कझाकस्तानला पंधरा गोलांनी हरविले, पण अंतर एवढे मोठे होते की खात्यात पडले ते चिल्लर. त्याच स्पर्धेच्या पुढील फेरीत कोरियाशी २-२ अशी बरोबरी झाली. कोरिया क्रमवारीत भारताच्या बराच खाली. त्यामुळे या बरोबरीत भारताच्या खात्यातून गुण गेले. पुढे ७ सप्टेंबर रोजी अंतिम सामन्यात त्याच कोरियाला ४-१ असे हरवून भारताने चषक जिंकला आणि २०२६ च्या विश्वचषकाचे थेट प्रवेशपत्र मिळविले. वर्तमानपत्रांनी पंधरा गोलांची छायाचित्रे छापली, आणि क्रमवारीच्या वहीत त्याहून मोठी नोंद एका बरोबरीची झाली. स्पर्धेचे खरे फळ प्रवेशपत्र होते; क्रमवारीचे गुण हा त्यातला किरकोळ भाग.

उलट उदाहरण २०२० च्या आरंभीचे आहे, आणि ते मला अधिक आवडते. नवी पद्धत लागू होऊन तीन आठवडेही झाले नव्हते. प्रो लीग या देशोदेशींच्या साखळी स्पर्धेत भारत प्रथमच उतरला आणि भुवनेश्वरच्या कलिंगा स्टेडियमवर जानेवारी-फेब्रुवारीत सहा सामने झाले. समोर आले ते नेदरलँड्स, तत्कालीन विश्वविजेता बेल्जियम आणि ऑस्ट्रेलिया, तिघेही भारताच्या वरचे. नेदरलँड्सवर ५-२ असा विजय. दुसऱ्या दिवशी ३-३ आणि शूटआउटमध्ये सरशी. बेल्जियमवर २-१ असा विजय, मग २-३ असा पराभव. ऑस्ट्रेलियाकडून ३-४ अशी हार, मग २-२ आणि पुन्हा शूटआउटमध्ये सरशी. सहांपैकी दोन सामने सरळ हरले, दोन बरोबरीत सुटून शूटआउटवर गेले, आणि निर्विवाद विजय दोनच. तरीही मार्च २०२० मध्ये भारत ऑलिंपिक विजेत्या अर्जेंटिनाला मागे टाकून चौथ्या क्रमांकावर आला. क्रमवारी सुरू झाल्यापासूनचे ते भारताचे सर्वोत्तम स्थान होते. वरच्या संघाशी बरोबरी झाली तरी थोडे मिळते, हरलो तर थोडेच जाते, आणि जिंकलो तर घसघशीत मिळते. जुन्या पद्धतीत या सहा सामन्यांचे मोल स्पर्धा संपून स्थान ठरेपर्यंत शून्य राहिले असते. हे सहाही सामने घरच्या मैदानावर झाले, तेवढी सूट मात्र वाचकांनी मनातल्या मनात द्यावी.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यातच दडले आहे. जून २०२५ मध्ये युरोपात भारत नेदरलँड्सकडून दोनदा, अर्जेंटिनाकडून दोनदा, ऑस्ट्रेलियाकडून दोनदा आणि बेल्जियमकडून एकदा हरला. सातांपैकी सहा पराभव एकाच गोलाने. आपल्या मनाला हा फरक फार मोठा वाटतो, वहीला वाटत नाही. तिच्या लेखी ते सात पराभव. क्रमांक खाली आला तो त्यामुळे. पण कोसळला नाही, कारण समोरचे चारही संघ बरोबरीचे वा वरचे होते आणि अशा पराभवात प्रत्येक वेळी बेताचेच गुण जातात. हेच सात सामने खालच्या संघांशी हरले असते तर पहिल्या दहांची गोष्टच नको. दौऱ्याच्या अखेरच्या दिवशी बेल्जियमवर ४-३ असा विजय मिळाला, त्याने थोडी वसुलीही झाली.

इथे एक गोंधळ नेहमी होतो, तो दूर करून पुढे जाऊ. प्रो लीगच्या गुणतक्त्यात विजयाला ३ गुण आणि बरोबरीला १ मिळतो. शूटआउट जिंकणाऱ्याला आणखी १. हे गुण त्या स्पर्धेपुरते, हंगाम संपला की वही बंद. जागतिक क्रमवारीचे गुण निराळे, चालू खात्याचे, आणि ते हंगामाबरोबर संपत नाहीत. दूरचित्रवाणीवर दोन्ही तक्ते एकामागोमाग दाखवतात आणि प्रेक्षक एकाचे गुण दुसऱ्यात मिसळून मोकळा होतो.

एवढ्या आटाटीने हा क्रमांक काढायचा कशाला? केवळ अभिमानासाठी असता तर मीही या विषयावर लेख लिहिला नसता. विश्वचषकाचे गट पाडताना संघांची वर्गवारी क्रमवारीवरून होते. वरच्या वर्गातील संघाला आरंभीच दुसऱ्या बलाढ्य संघाशी गाठ घालावी लागत नाही. पात्रता स्पर्धांचे दरवाजेही याच आकड्याने उघडतात. २०१९ च्या अखेरीस टोकियो ऑलिंपिकसाठी पात्रता सामने झाले. दोन-दोन संघांच्या जोड्या लावल्या आणि जोडीतील वरच्या क्रमांकाच्या संघाला यजमानपद दिले. भारताच्या वाट्याला रशिया आला आणि सामने भुवनेश्वरला झाले. ४-२ आणि ७-१ असे जिंकून भारताने टोकियो गाठले आणि तेथे ५ ऑगस्ट २०२१ रोजी जर्मनीला ५-४ असे हरवून एक्केचाळीस वर्षांनी ऑलिंपिक पदक मिळविले. त्याच पात्रता फेरीत पाकिस्तानचा क्रमांक तळाकडे गेला होता. त्याला नेदरलँड्सच्या घरी, ॲमस्टेलवेन येथे जावे लागले. पहिला सामना त्यांनी ४-४ असा झुंजून बरोबरीत सोडविला. दुसरा १-६ असा हरले, आणि टोकियो हुकले.

चार वेळा विश्वचषक जिंकणारा हा देश त्या स्थितीला आला कसा, हे बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला फार ओळखीचे वाटते. २०१९ च्या आरंभी पहिली प्रो लीग सुरू होताना पाकिस्तानने माघार घेतली. कारण खेळातले नव्हते, पैशाचे होते. महासंघाने निलंबन केले, दंड ठोठावला. एखाद्या पेढीकडे माल आहे, कारागीर आहेत, पण खेळते भांडवल नाही म्हणून ती मोठ्या बाजारात जाऊ शकत नाही. बाजारात गेली नाही म्हणून पत वाढत नाही. पत नाही म्हणून भांडवल मिळत नाही. अशी कितीतरी खाती आपण सर्वांनी जवळून पाहिली आहेत. त्यातील काही पेढ्यांचा धंदा मुळात खोटा नव्हता. भारताची बाजू त्याच काळात सावरली, ती २०१८ पासून ओडिशा सरकारने राष्ट्रीय संघांचे प्रायोजकत्व घेतल्यामुळे आणि कलिंगा स्टेडियमसारखे मैदान हाताशी असल्यामुळे. एका राज्याने दुसऱ्या कोणत्याही राज्याच्या आधी हॉकीला भांडवल पुरवले, याचे श्रेय क्रमवारीच्या तक्त्यात कुठेच दिसत नाही.

आणि या पद्धतीवरचा माझा खरा आक्षेप येथेच आहे. दुहेरी नोंदीची वही प्रामाणिक असते. पण ती फक्त झालेले व्यवहार लिहिते. प्रो लीगमध्ये नऊ संघ, प्रत्येकाचे सोळा सामने. म्हणजे जगातील सर्वांत वरचे संघ वर्षातला बराच काळ आपापसांत गुणांची देवघेव करतात. गुण या खोलीतच फिरतात. बाहेरचा संघ, समजा मलेशिया, जपान किंवा दक्षिण आफ्रिका, कितीही सुधारला तरी ज्यांच्याकडून मोठे गुण मिळतील अशा संघांशी त्याची गाठ वर्षानुवर्षे मोजकीच पडते. तो आपल्या खंडातील संघांना हरवत राहतो आणि त्याला चिल्लर मिळत राहते. सूत्रात कोठेही पक्षपात नाही, तरी परिणामात तो डोकावतो. जुनी पद्धत स्पर्धा मोजताना चुकत असे. नवी पद्धत मोजण्यात चुकत नाही, पण मोजण्याची संधी सर्वांना सारखी नाही. महासंघाने या खोलीला एक दार ठेवले आहे, हे खरे. साखळीत तळाला राहिलेला संघ बाहेर जातो आणि नेशन्स कप या खालच्या स्पर्धेचा विजेता आत येतो. आपल्या महिला संघाने ही दोन्ही बाजूंची ये-जा अनुभवली : डिसेंबर २०२२ मध्ये व्हॅलेन्सिया येथे पहिला नेशन्स कप जिंकून तो आत आला आणि २०२४-२५ च्या हंगामात शेवटचा ठरून बाहेर गेला.

आपल्या परिभाषेत बोलायचे तर क्रमवारी हा एक नय आहे. एका विशिष्ट अपेक्षेने पाहिलेले सत्य. 'भारत सातवा' हे विधान 'आजवर झालेल्या सामन्यांच्या देवघेवीच्या अपेक्षेने' खरे असते. उद्याच्या सामन्यात भारत कसा खेळेल, या अपेक्षेने ते काहीच सांगत नाही. जानेवारी २०२३ मध्ये आपल्याच देशातील विश्वचषकात भारत क्रमवारीत खूप खाली असलेल्या न्यूझीलंडकडून ३-३ बरोबरीनंतर शूटआउटमध्ये हरला आणि उपांत्यपूर्व फेरीही गाठू शकला नाही. क्रमवारी त्या दिवशीही खोटी नव्हती.

म्हणून तक्ता हाती आला की स्थानापेक्षा गुणांचा रकाना आधी पाहावा. चौथ्या आणि पाचव्या संघात कधी एका सामन्याइतकेही अंतर नसते, तर पुढच्या पायरीवर मोठी दरी असते. आपण नफा पाहतो तेव्हा शेजारच्या दुकानाच्या तुलनेत कितवे हे विचारत नाही, रक्कम विचारतो. तसेच येथेही. आणि संघाने गेल्या वर्षभरात कोणाशी किती सामने खेळले, हे शेजारी लिहून ठेवावे. दहा विजय चिल्लरीचे आहेत की दोन विजय नोटांचे, हे त्याशिवाय समजत नाही.

२०२५-२६ चा प्रो लीग हंगाम या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. क्वालालंपूर येथे न्यूझीलंडने पाकिस्तानला ६-२ असे हरवून नेशन्स कप जिंकला, पण खर्च परवडत नसल्याने प्रो लीगचे निमंत्रण नाकारले. जिंकून मिळालेले दार पैशाअभावी बंद राहिले. ती जागा पाकिस्तानला देऊ केली गेली आणि २०१९ मध्ये दारातून परतलेल्या त्या संघाने या वेळी ती स्वीकारली. समोर येणारे जवळजवळ सर्व संघ त्याच्यापेक्षा बरेच वर असल्याने दर पराभवात त्याच्या खात्यातून फारच थोडे गुण जातील. भारतासकट इतर आठही संघांना मात्र त्याच्याशी खेळताना मिळवायचे थोडे आणि गमवायचे बरेच असेल.